गळ्यातली शरणम्मा

शिवकन्याच्या गळ्यात तिची सवत असते. मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. नखापेक्षा थोडा मोठा, वर ठसा उठवलेली बाई. दोन डोळे, दोन हात, लुगड्याचा घोळ. चेहरा असा काही नाहीच, कुणाचाही म्हणून चालेल. पण लग्नाच्या दिवशी, अंगाची हळद ओली असताना सासूनं, इरम्मानं, तो तिच्या गळ्यात बांधला आणि सांगितलं, "ही शरणम्मा. सिद्धारामची पयली. आता समदं आधी तिला, मग तुला."

तेव्हापासून चौदा वर्षं तसंच चाललंय. कुंकवाचं बोट आधी टाकाला, मग कपाळाला. नवी बांगडी, नवं लुगडं, आधी टाकाला लावायचं आणि मग नेसायचं. जेवताना पहिला घास टाकाला टेकवायचा. कळंबकडं माहेरी गेली की आईजवळ म्हणायची, "मरून गेली ती, आन् उष्टं खायलेय म्या."

नळदुर्गच्या अलीकडं हायवेला सिद्धारामचा ढाबा आहे. नाव त्याचं, चूल हिची. ज्वारीची भाकरी, शेंगाची भाजी, काळ्या मसाल्याचं वांगं. शिवकन्या अंगानं दणकट, आवाज असा की रस्त्यापलीकडचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबतो. हैदराबादकडचे ड्रायव्हर तिला भाभी म्हणतात आणि ताटात भाकरीचा तुकडा टाकायला भितात. "टाकायचीच हुती तर मागितली कशाला रं? माझ्या हाताला काय इंजन लावलंय व्हय?"

अशी ही बाई एकाच बाईपुढं हरायची, आणि ती बाई दिसत नव्हती. शरणम्मा दोन वर्षं नांदली आणि काविळीनं गेली. फोटो एकच, लग्नातला, त्यातही मुंडावळ्यांच्या आड नुसती हनुवटी. इरम्मा मूळची आळंदकडची, कानडी बोलणारी. शरणम्माही तिकडचीच. ती असताना घरात सासू-सुनेचं कानडीत गुलूगुलू चालायचं म्हणे. शिवकन्याला सुरुवातीला 'बेडा' म्हणजे 'नको' एवढंच कळायचं, कारण इरम्मा तिला तेच जास्त म्हणायची. पुढं सगळंच कळायला लागलं, पण ते तिनं सासूला कळू दिलं नाही.

"शरणम्माची भाकर कागदावानी हुती."

"शरणम्माचा आवाज ह्या कानाचा त्या कानाला जायचा न्हाय."

"शरणम्मा न सांगता पान लावून द्यायची. चुना असा नेमका."

शिवकन्या परातीत पीठ आपटायची. जिवंत सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. हिच्या झिंज्या कुठं धरायच्या? गळ्यातच बसलेली.

*

मागच्या मार्गशीर्षात पुण्याचे सिनेमावाले आले. किल्ल्यात शूटिंग आणि जेवण ढाब्यावर. त्यांचा दिग्दर्शक यज्ञेश, दाढीवाला, बारीक आवाजाचा, खाताना वहीत लिहिणारा. वाढायला वाकली तेव्हा त्याला तो टाक दिसला. विचारलं. शिवकन्यानं सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते तसंच, "सवत हाय माझी. भाजी घाला का अजून?"

त्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो नटीला घेऊन आला. अक्षरा तिचं नाव. लहान चणीची, केस बारीक कापलेले, डोळे मोठे. यज्ञेश म्हणाला, "ताई, आमचा सिनेमा दोन बायकांचा आहे. एकाच घरातल्या. हळूहळू दोघींची एक होते. कुठली कोण ते बघणाऱ्याला कळू नये. दोघींचं काम ही एकटीच करणार आहे. मला गोष्ट सापडत नव्हती, ती तुमच्या गळ्यात सापडली."

"एकटीच दोघी?" शिवकन्यानं विचारलं. "मग भांडनार कुनासंगं?"

अक्षरा हसली. तिला म्हणाली, "मला तुमच्याकडं राहू द्या थोडे दिवस. तुमच्यासारखं व्हायचंय."

असं शिवकन्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तिनं अक्षराला आपलं जुनं लुगडं दिलं, चुलीपुढं बसवलं, पीठ मळायला लावलं. पोरीच्या तळहाताला फोड आले पण ती उठली नाही. शिवकन्या कशी पदर खोचते, कपाळाचा घाम मनगटानं कशी पुसते, पहिला घास टाकाला लावताना नजर दुसरीकडं कशी वळवते, सगळं बघून बघून उचललं. आठवडाभरात तिच्यासारखी टाचा आपटत चालायला लागली. सिद्धाराम पाठमोरी बघून एकदा म्हणाला, "अगं ए, कांदं संपलं की!" आणि ती वळली तर अक्षरा. सगळे हसले. शिवकन्या पण हसली. दिवसभर तिला त्याचंच बरं वाटत होतं. कुणी तरी एवढं निरखून बघावं, असं आपल्यात काही आहे!

मग यज्ञेश म्हणाला, "दुसरी झाली. आता पहिली."

अक्षरानं चूल सोडली आणि अंगणातल्या इरम्माच्या बाजेवर जाऊन बसली. इरम्माच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात नुसता उजेड. माणसं ती हातानं ओळखते. अक्षराच्या अंगावर आता हिरवं इरकल होतं. इरम्मानं काठ चाचपला, मनगट चाचपलं, बारीक मनगट, आणि म्हणाली, "शरणम्मा अशीच हुती. चिमनीवानी."

पुढचे आठ दिवस बाजेवर गुलूगुलू चाललं. अक्षरा कानडीचे चार शब्द शिकली. पानाला चुना लावायला शिकली, तोही नेमका. चालणं बदललं, टाचा वाजेनाशा झाल्या. सिद्धारामला पाणी दिलं तर असं, दोन्ही हातांनी, खाली बघून. सिद्धारामनं पाणी घेतलं आणि गल्ल्यावर जाऊन बसला तो, गिऱ्हाईकानं दोनदा हिशेब विचारला तरी हातातल्या पेल्याकडंच बघत.

"का ओ," शिवकन्या म्हणाली, "जीभ गिळली का?"

"काय न्हाय."

"तशीच दिसायची का ती?"

"मला कुठं ध्यानात हाय आता. जा की, गिऱ्हाईक बसलंय."

चौदा वर्षं चांदीत गप्प बसलेली बाई उठून अंगणात फिरायला लागली, आणि तीही विशीतली, हे शिवकन्याला सोसेना. भाजीत मीठ जास्त पडायला लागलं. यज्ञेशकडं जाऊन तिनं विचारलं, "माझं काम किती हाय सिनेमात?"

"तुमचं म्हणजे दुसरीचं? ती बहुतेक गप्पच असते, ताई. ती बघत राहते. जे काही घडतं ते पहिलीच्या आठवणीत घडतं."

"म्हंजी म्या तिथं बी रिकामीच."

"रिकामी नाही. आरसा म्हणा."

"आरसा," शिवकन्या म्हणाली. "बरं."

*

एका दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. बाजेभोवती यज्ञेश, अक्षरा, आवाज टिपायचं यंत्र. इरम्मा रंगात आलेली. चूल तिथून दहा पावलांवर.

"म्या परसाकडं गेलते आन् पडले. खुबा मोडला. सिद्धाराम सोलापूरला अडकलेला. रस्त्यावर चिटपाखरू न्हाय, गाडी न्हाय, बस न्हाय. तवा शरणम्मानं मला पाठीवर घेतली. पाठीवर! हितून नळदुर्गच्या दवाखान्यापातूर. पोलिसानं अडवली तर त्याला म्हनली, सर बाजूला."

शिवकन्याच्या हातातली भाकरी फाटली. अर्धी तव्यावर, अर्धी राखेत.

ती तशीच पिठाच्या हातांनी आली. "आत्या, काय सांगायलाव? ती म्या हुते."

"तू?" इरम्मा आवाजाच्या दिशेनं वळली. "तू कुठं हुतीस तवा?"

"लाकडाऊन हुतं ते! रस्ता बंद हुता म्हनून गाडी न्हवती. शरणम्मा जाऊन धा-अकरा वर्सं झालती. ती काय वरून आली व्हय उचलायला?" ती गल्ल्याकडं वळली. "अवो, सांगा की तुमी. कोन नेलं?"

सिद्धारामनं मान खाली घातली. "म्हातारं मानूस हाय. काय सांगायलीय ते सांगू दे की. सिनेमाच तर हाय."

"तुमाला भाकर कोन घालतंय ते तरी ठावं हाय का, का ते बी तिच्याच नावावर?"

यज्ञेशचे डोळे चमकायला लागले होते. "ताई, थांबा. हे फारच मोठं आहे. म्हणजे आजींच्या आठवणीत तुम्ही दोघी आधीच एक झालाय! मी जे लिहीत बसलो होतो ते इथं घडून गेलंय. हा प्रसंग घेणारच. पहिली सासूला पाठीवर नेते. दुसरी मागं उभी राहून बघते."

"खोटं हाय ते."

"सिनेमात खरं-खोटं असं नसतं, ताई."

"आसं? मग ह्या पाठीतनं पावसाळ्यात जी कळ निघती, ती कुनाची?"

 शिवकन्याला उभ्या उभ्या एक गोष्ट समजली. न सांगता पान लावून देणारी कोण? पडल्यापासून इरम्माला पान शिवकन्याच देत होती, न बोलता, कारण बोलायची इच्छा नसायची. म्हणजे इतकी वर्षं जिच्यावर जळत आलो, तिच्यात आपलाच किती माल भरलाय? भाकरीचं तिनं संध्याकाळी सिद्धारामला विचारून टाकलं. तो इकडं तिकडं बघून म्हणाला, "तिला कुठं येत हुती भाकर? कडा फाटायच्या. आईच थापायची."

म्हणजे कागदासारखी भाकरही आपलीच. हे ऐकून शिवकन्याला बरं वाटायला हवं होतं, पण अंगाचा जाळच झाला. सवतीनं नवरा वाटून घेतला असता तर समजलं असतं. हिनं तिचे हात घेतले होते, पाठ घेतली होती, आणि ते सुद्धा काही न करता.

सकाळी अक्षरा भीत भीत आली. तो प्रसंग उद्या घ्यायचाय, खोटा टाक बनवून आणलाय पण तो कॅमेऱ्यात पत्र्यासारखा दिसतो, खरा एक दिवस मिळेल का?

शिवकन्यानं दोरा डोक्यावरून काढला. "घ्या. घाला. चौदा वर्सं वागवलं म्या, एक दिवस तुमी बगा किती जड हाय."

दुपारी ती जेवायला बसली. पहिला घास मोडला आणि हात आपोआप गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. घास तसाच हातात. कुणाला लावायचा? न लावता तोंडात घातला तर तो गिळेना. ताट सरकवून उठली आणि स्वतःलाच म्हणाली, "आता ह्याची बी सवय लागली व्हय मला?"

*

प्रसंग जुन्या रस्त्याला घेतला. हायवे मोठा झाल्यावर मागं पडलेला तो डांबरी तुकडा, दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. कॅमेरा पाठीमागं. सासू-सून दूर दूर जाताना दिसणार, चेहरे दिसणार नाहीत. खुबा मोडलेली म्हातारी दिसायला हवी म्हणून इरम्माच्या पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या. सकाळपासून तिला चहा तीनदा झाला होता, खूश होती.

अक्षरा हिरव्या इरकलात वाकली. इरम्माचे हात तिच्या गळ्याभोवती आले, बोटं टाकावर पडली आणि तिथंच थांबली.

"हे काय?" इरम्मा म्हणाली. "शरणम्माच्या गळ्यात शरणम्मा कशी आसंल? हा तर दुसरीच्या गळ्यात आसतो. काढ, काढ ते."

यज्ञेशनं कपाळावर हात मारला. "आजी बरोबर म्हणतात. पहिलीला टाक नाही. चुकलंच." अक्षरानं टाक काढून मुठीत धरला आणि पुन्हा वाकली. म्हातारी पाठीवर आली. पोरीनं चार पावलं टाकली आणि गुडघे थरथरायला लागले. पुन्हा केलं, सहा पावलं. तिसऱ्या वेळी दोघी ज्वारीत कलंडल्या असत्या, सिद्धारामनं धरलं.

"हळू की गं!" इरम्मा ओरडली. "एकदा खुबा मोडलाय, दुसऱ्यांदा सिनेमात मोडू नकू."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग सगळे शिवकन्याकडं. ती ठरवून आली होती की नुसतं बघत उभं राहायचं, आरशासारखं. यज्ञेश जवळ आला. "ताई, पाठमोराच शॉट आहे. इरकल नेसाल का? कुणाला कळणार नाही."

"म्हंजी म्या शरणम्मा व्हायचं. आन् शरणम्मानं शिवकन्याचं काम करायचं."

तो ओशाळला. "हो. तसंच काहीसं."

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तिकडं पट्ट्या बांधलेली म्हातारी हात पुढं करून, कुणी उचलतंय का याची वाट बघत बसली होती, आणि बाकी कुणाच्या हातून ती नीट उचलली जाईना, हे शिवकन्याला बघवेना. "आना ते इरकल," ती म्हणाली. "आन् तिला धरतात कसं ते तरी बगून घ्या."

यज्ञेशनं इरम्माला सांगितलं, "आजी, आता शरणम्मा नेणार तुम्हाला." आणि शिवकन्याला, "तोंडातून शब्द काढायचा नाही. नुसतं चालायचं."

पाठीवर वजन आलं आणि पाठीनं ते ओळखलं. म्हातारीची हाडं कुठं टोचतात, डावा पाय किती वर धरायचा, सगळं जागच्या जागी. ती चालायला लागली. इरम्माचा हात तिच्या गळ्यावरून फिरला. टाक नाही. इरकलाचा काठ लागला. नाटकातली का असेना, म्हातारीच्या लेखी शरणम्माच होती. तिनं तोंड कानाशी नेलं आणि कानडीत बोलायला लागली.

"शरणे, एक सांगते. तुझ्या मागनं आलीय ना, लई तोंडाची हाय. पन पाठीवर तिनंच नेलं मला. पान बी तीच देती."

शिवकन्याचं पाऊल अडलं. मागून यज्ञेशचा हात हवेत, चालत राहा, चालत राहा.

"मला काय कळत न्हाय व्हय? पन तुझ्या नावावर सांगायला कायच न्हवतं गं. आलीस, दोन वर्सं दुखन्यात निजलीस, गेलीस. तुझी आई यायची, इचारायची, माझी लेक कशी हुती? काय सांगू? मग तिच्यातलं थोडं थोडं तुझ्या नावावर केलं. तिच्याकडं लई हाय. तिला काय कमी पडतंय?"

शिवकन्या पाचेक पावलं चालली.  मग पायापासून जे चढत आलं ते तोंडातून बाहेर पडलं.

"काय कमी पडतंय? चौदा वर्सं जळून जळून कोळसा झाला माझा, आन् काय कमी पडतंय म्हनं! म्हातारे, यमाला बी उचलायची न्हाईस तू. एवढं खातीस ते जातं कुठं, समदं ढुंगनात? माझी पाठ मोडली आन् नाव दुसरीचं! टाकू का हितंच ज्वारीत, टाकू?"

"कट!" यज्ञेश ओरडला. "कट, कट! ताई, आवाज!"

पाठीवर इरम्मा गदगदा हलत होती. शिवकन्याला वाटलं रडतेय. ती हसत होती. मराठीत म्हणाली, "हां. तूच हाईस. त्या दिवशी बी रस्ताभर अशाच शिव्या घातल्यास. पोलीस बी पळाला." आणि मग जरा थांबून, "तुला कानडी येतंय?"

"चौदा वर्सं ऐकायले. बहिरी हाय का म्या?"

इरम्माचं हसू थांबलं. बहुधा चौदा वर्षांत कानडीत काय काय बोलून झालं ते आठवत असावी.

शिवकन्या म्हातारीला घेऊन तशीच परत फिरली. तिला खाली बसवली, पदर झटकला आणि अक्षरापुढं हात केला. अक्षरानं मूठ उघडली. शिवकन्यानं टाक गळ्यात घातला आणि काळा दोरा मानेवर नीट बसवला, इरकलाच्या वर, दिसेल असा.

यज्ञेश म्हणाला, "ताई, पण पहिलीच्या गळ्यात टाक नसतो. आजीच म्हणाल्या."

"मग पयलीला सांगा उचलायला."

"पाठीमागून दोरा स्पष्ट दिसतोय."

"दिसू दे. त्यासाठीच घातलाय. ज्याला कळायचं त्याला कळंल कोन नेतंय ते."

तो इकडून तिकडं फेऱ्या मारायला लागला. सिनेमाच उलटा होतो असं काहीतरी पुटपुटला. अक्षरा हळूच म्हणाली, "राहू दे ना. मला पण तसंच बरं वाटतंय." यज्ञेशनं कॅमेऱ्यातून मानेवरचा दोरा पुन्हा पुन्हा बघितला आणि शेवटी हात वर केला. बरं.

शिवकन्या वाकली. इरम्मा पाठीवर आली, बोटांनी टाक चाचपला, आणि आता काही बोलली नाही. पण शिवकन्याच्या पाठीला तिचं न बोलणं टोचायला लागलं. शरणम्माची आई आठवली.  दर वर्षी येळवशीच्या सणाला यायची, लेकीच्या सवतीच्या गळ्यातला टाक हातात घ्यायची, डोळ्याला लावायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि मान न वळवता ओरडली, "ओ सायेब! तुमच्या सिनेमात भाकरीचं हाय न्हवं? शरणम्माची भाकर कागदावानी हुती म्हनून?"

"आहे!"

"ते ऱ्हाऊ द्या. ते तिचंच हाय."

रस्त्याच्या कडेला सिद्धाराम उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग खाली जमिनीकडं.

"पन पाठ माझी," शिवकन्या म्हणाली, आणि टाचा आपटत चालायला लागली.